वर्षावास आणि शेतीचे वर्ष

आषाढी पौर्णिमेला आपल्या विहारांतून वर्षावासास प्रारंभ होतो. भिक्खुसंघ एका स्थानी वास करू लागतो, उपासक-उपासिका उपोसथाला अष्टशील ग्रहण करतात, आणि गावोगावी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होऊन ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. हेच तीन महिने का, असा प्रश्न एखाद्या तरुणाने विचारला, तर पावसाळ्यात प्रवास कठीण असतो म्हणून, असे उत्तर आपण देतो. ते उत्तर चुकीचे नाही. मात्र अपुरे आहे. विनयातील वर्षाचे सांधे आणि शेतीच्या वर्षाचे सांधे एकमेकांजवळ ठेवून पाहिले, म्हणजे आषाढी, आश्विन व कार्तिक या तीन पौर्णिमांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्याचबरोबर शेतात राबणारे कोण होते, याकडेही आपले लक्ष जाते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

प्रथम मगध आणि कोसल या भूमीतील शेतीचे वर्ष कसे चालते ते पाहू. आजचा दक्षिण बिहार म्हणजे प्राचीन मगध. वर्षभरातील बहुतेक पाऊस तेथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, शेतकरी धानाचे बी रोपवाटिकेत टाकतो. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आर्द्रा लागते. तोपर्यंत पाऊस स्थिरावतो, शेतात चिखल होतो आणि रोपे उपटून लावण्याचे काम सुरू होते. ते जुलैभर व पुढेही चालते. हा धान मार्गशीर्षात कापला जातो. मार्गशीर्षाला तिकडे अगहन म्हणतात, म्हणून त्या पिकाचे नाव अगहनी. त्याच्या आधी भाद्रपदात तयार होणारी पिके भदई म्हणून ओळखली जातात. लवकर पिकणारा धान व नाचणीसारखी भरड धान्ये त्यांत येतात. (आज भदईत मका मोठ्या प्रमाणात दिसतो. तथापि तो अमेरिका खंडातून गेल्या पाच शतकांतच आपल्याकडे आला. बुद्धकालीन शेताचे चित्र रेखाटताना काही लेखक त्यात मक्याची कणसे घालतात, ते टाळावे.) पाऊस ओसरल्यावर जमिनीतील ओलीवर जव, गहू, मसूर, हरभरा, जवस ही रब्बीची पिके पेरली जातात व ती फाल्गुन-चैत्रात काढली जातात. काही ठिकाणी तर धान उभा असतानाच त्याच्या बुडाशी लाखोरी किंवा जवस फेकून पेरतात, म्हणजे धानाखालची ओल वाया जात नाही.

या चक्रात सर्वाधिक जोखमीचा काळ हस्त नक्षत्राचा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरचा व ऑक्टोबरच्या प्रारंभीचा. मगधातील शेतकरी त्याला 'हथिया' म्हणतो. हथिया बरसला तर निसवणारा धान भरतो आणि रब्बीच्या पेरणीला ओल मिळते. तो कोरडा गेला तर एकाच वेळी दोन हंगाम हातचे जातात. या जोखमीवर उपाय म्हणून त्या प्रदेशात आहर आणि पइन यांची रचना फार जुन्या काळापासून चालत आली आहे. उतारावरचे पाणी तीन बाजूंनी मातीचे बांध घालून अडविले की आहर होतो, आणि नदीचे पाणी शेतापर्यंत किंवा आहरापर्यंत आणणारा पाट म्हणजे पइन.

पाली वाङ्मयात या शेतीचे फार बारकाईने केलेले निरीक्षण आढळते. विनयपिटकात व अट्ठकथांत सात धान्यांची नावे येतात: साली, वीहि, यव, गोधूम, कंगु, वरक आणि कुद्रूसक. यांत पावसाळी धान्ये आहेत, भरड धान्ये आहेत, आणि थंडीत वाढणारे जव व गहूही आहेत. म्हणजे दोन्ही हंगाम त्या काळी रूढ होते. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात शेताचे आठ दोष सांगितले आहेत. शेत उंचसखल असणे, दगडगोट्यांचे असणे, खारवट असणे, नांगर खोल न जाणे, पाणी आत येण्यास वाट नसणे, बाहेर जाण्यास वाट नसणे, पाट नसणे आणि बांध नसणे. आठांपैकी निम्मे दोष पाण्याच्या नियमनाविषयी आहेत. ज्याने पावसाळी धानशेती जवळून पाहिली आहे त्यालाच हे सुचते. दुसऱ्या एका सुत्तात शेतकऱ्याची तातडीची तीन कामे सांगितली आहेत. शेत नांगरून नीट करणे, बी पेरणे, आणि पाणी आत घेणे वा बाहेर सोडणे, ही कामे त्याने त्वरेने करावीत. मात्र आज अंकुर फुटावा, उद्या पीक निसवावे, परवा पिकावे, अशी आज्ञा करण्याची शक्ती त्याच्याजवळ नाही. ऋतू पालटतो तेव्हा ते आपोआप घडते. भगवंतांनी हा दाखला भिक्खूच्या साधनेसाठी दिला. चित्तमुक्ती अमुक दिवशी व्हावी असे ठरवता येत नाही. शील, समाधी व प्रज्ञा यांचा अभ्यास मात्र विनाविलंब करता येतो.

भिक्खूंच्या चीवराचा आकारही या शेतातूनच आला आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. लांब पट्टे, आडवे पट्टे, कडेचे बांध आणि बांध एकमेकांना छेदतात तेथील चौक, अशी ती रचना होती. अशा रचनेची चीवरे भिक्खूंसाठी करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ती करून दाखविली. आजही चीवर उलगडून पाहिले तर त्यातील तुकड्यांच्या जोडांमध्ये धानाच्या बांध्यांची आखणी ओळखू येते.

आता वर्षावासाच्या नियमाकडे वळू. महावग्गात त्याची उत्पत्ती सांगितली आहे. भगवंत राजगृहाच्या वेळुवनात असताना भिक्खू हिवाळा, उन्हाळा व पावसाळा या तिन्ही ऋतूंत चारिका करीत. लोकांनी तक्रार केली की, हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवी तृणे तुडवितात, एकेंद्रिय जीवांना पीडा देतात, अनेक क्षुद्र प्राण्यांचा घात करतात. अन्य पंथांचे साधूही पावसाळ्यात एके ठिकाणी राहतात, पक्षीदेखील झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून राहतात. तेव्हा भगवंतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली.

प्रवचनांतून पुष्कळदा असे सांगितले जाते की, भिक्खूंमुळे पिकांची नासाडी होत होती म्हणून हा नियम झाला. मूळ पाठात शब्द आहे तो 'तिणानि', म्हणजे तृणे. पिकाचा उल्लेख तेथे नाही. हा भेद काटेकोरपणे ध्यानात ठेवलेला बरा. तथापि ऋतू कोणता ते पाहिले, म्हणजे तक्रार करणाऱ्यांची चिंता केवळ गवतापुरती नसावी, असे अनुमान करता येते. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास मगधात लावणी ऐन भरात असते. उन्हाळ्यात ज्या उघड्या शेतांतून पायवाटा जातात, ती शेते आता पाण्याखाली असतात. चालायला उरतो तो बांध. ओल्या मातीचा नवा बांध पुष्कळ पावलांनी खचला की एका शेताचे पाणी दुसऱ्यात उतरते. गोगलगायी, गांडुळे, बेडूक बांधांवरच आलेले असतात. अशा वेळी माणसांचा एखादा मोठा समूह गावोगाव फिरत असेल, तर शेतकऱ्याने त्याविषयी बोलून दाखविणे स्वाभाविक आहे. भगवंतांनी ती तक्रार श्रमणांचा अपमान मानली नाही, हे विशेष.

नियमाची घडणही शेतीच्या वास्तवाला धरून आहे. वर्षावासात प्रवेश करण्याच्या तिथी दोन आहेत: आषाढ पौर्णिमेनंतरचा दिवस ही पुरिमिका, आणि त्यानंतर एक महिन्याने येणारी पच्छिमिका. गावात भिक्षा मिळत नसेल तर भिक्खूने स्थान सोडले तरी आपत्ती नाही. चोरांच्या उपद्रवाने गाव उठून दुसरीकडे गेले तर गावाबरोबर जावे. गुराख्यांच्या तळावर, सार्थवाहांबरोबर, नावेवरही वर्षावास करता येतो. राजा बिंबिसाराने एकदा वर्षावास पुढील महिन्यात सुरू करावा अशी विनंती केली व ती मान्य झाली. या अखेरच्या प्रसंगामागे पंचांगाची एक अडचण आहे, ती थोडी उलगडून सांगणे अवश्य आहे. पौर्णिमा चंद्रावर चालते आणि पाऊस सूर्याबरोबर येतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने पौर्णिमा दरवर्षी मागे सरकते व अधिक मास आला की पुढे जाते. २०२३ मध्ये आषाढी पौर्णिमा ३ जुलैला होती, २०२४ मध्ये २१ जुलैला. पहिली आर्द्रा नक्षत्रात पडली, दुसरी पुष्यात. शेतकऱ्याने आपली पेरणी चंद्राच्या तिथीला न बांधता सूर्याच्या नक्षत्रांना बांधली, याचे कारण हेच. मृग ७-८ जूनला लागतो तो लागतोच. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात, ही नावेदेखील सूर्यनक्षत्रांचीच आहेत. तेव्हा वर्षावासाचा प्रारंभ कधी तरण्या पावसाआधी तर कधी म्हाताऱ्या पावसात होतो, यात आश्चर्य नाही.

येथपर्यंत ऋतू आणि नियम यांचा मेळ पाहिला. आता शेतात राबणाऱ्या हातांकडे पाहू.

चुल्लवग्गात महानाम व अनुरुद्ध या शाक्य बंधूंचा संवाद आहे. शाक्य कुळांतील अनेक तरुण प्रव्रजित झाले, आपल्या घरातून कोणी नाही, म्हणून दोघांपैकी एकाने जावे असे महानाम सुचवितो. अनुरुद्ध सुखात वाढलेला. त्याच्याविषयी अट्ठकथेत एक मौजेची कथा आहे. भात कोठून येतो, यावर तीन शाक्य कुमारांची चर्चा झाली. किंबिल म्हणाला कोठारातून, भद्दिय म्हणाला हंडीतून, आणि अनुरुद्ध म्हणाला सोन्याच्या ताटातून. अशा अनुरुद्धाला महानाम घरप्रपंच समजावून सांगतो, तो सारा शेतीच्या कामांच्या रूपाने. आधी शेत नांगरायचे, मग पेरायचे, मग पाणी आत घ्यायचे, मग ते बाहेर काढायचे, मग निंदायचे, मग कापायचे, गोळा करायचे, रास घालायची, मळायचे, काड वेगळे करायचे, भूस वेगळे करायचे, उफणायचे, घरात आणायचे. आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच. ही कामे संपणार कधी, असे अनुरुद्ध विचारतो. ती संपत नाहीत, आपले वाडवडील गेले तरी ती शिल्लकच राहिली, असे महानाम सांगतो. तेव्हा अनुरुद्ध म्हणतो, मग घर तूच सांभाळ, मी प्रव्रज्या घेतो.

धानशेतीच्या एका वर्षाचा इतका क्रमवार तपशील प्राचीन वाङ्मयात विरळा. नांगरणीपासून उफणणीपर्यंतची एकही पायरी त्यात सुटलेली नाही. मात्र मी वर मराठीत दिलेली क्रियापदे मुद्दाम थोडी चुकीची दिली आहेत. पाली पाठात 'कसितब्बं' नाही, 'कसापेतब्बं' आहे, 'वपापेतब्बं' आहे, 'लवापेतब्बं' आहे. ही प्रयोजक रूपे होत. शेत नांगरावे असा त्यांचा अर्थ नसून ते नांगरून घ्यावे, पेरून घ्यावे, कापून घ्यावे, असा आहे. पाणी आत घेणे व बाहेर काढणे या दोन क्रिया सोडल्या, तर बाकीची कामे दुसऱ्याकडून करवून घ्यायची आहेत. महानामाला कामांचा जो कंटाळवाणा, न संपणारा भार वाटतो, तो करवून घेण्याचा भार आहे. प्रत्यक्ष चिखलात वाकून निंदणाऱ्याला काय वाटत होते, हे त्या संवादात येत नाही; व्याकरणाच्या एका प्रत्ययात तो झाकला गेला आहे. भाषांतरकारांपैकी काहींनी हा प्रत्यय गाळून सरळ 'नांगरावे, पेरावे' असे केले आहे. वाचायला ते सुटसुटीत वाटते, परंतु त्यामुळे दास आणि कम्मकर पानावरून नाहीसे होतात.

कसिभारद्वाजाची कथा आपल्या परिचयाची आहे. दक्षिणगिरीतील एकनाला या ब्राह्मणग्रामात पेरणीच्या वेळी त्याचे पाचशे नांगर जुंपलेले होते व अन्नवाटप चालले होते. भगवंत भिक्षेसाठी उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करावे. भगवंतांनी श्रद्धा हे बीज, प्रज्ञा हे जू व नांगर, असे रूपक मांडून त्याला उत्तर दिले. त्या उत्तरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भारद्वाजाच्या वाक्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. पाचशे नांगरांमागे एक माणूस चालू शकत नाही. 'मी नांगरतो' म्हणणाऱ्याच्या शेतात नांगरणारे दुसरेच होते, आणि त्या वेळी वाटले जाणारे अन्न त्यांच्यासाठी असावे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात जो कलह झाला, त्याचाही आरंभ अट्ठकथेप्रमाणे कम्मकरांपासून झाला. ज्येष्ठ महिन्यात पीक कोमेजू लागले होते, धरणाचे पाणी दोघांना पुरणारे नव्हते, आणि पाण्याशी प्रत्यक्ष उभे होते ते मजूर. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हा कलह सिद्धार्थाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी घडल्याचे सांगून तोच गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला, आणि तो दोन्ही बाजूंच्या सेवकांमध्ये झाला हेही स्पष्ट नोंदविले.

ज्या महिन्यांत शेतात सर्वाधिक राबावे लागते, त्याच महिन्यांत घरात धान्य सर्वांत कमी असते, ही पावसाळी शेतीची विषम गोष्ट आहे. मागील वर्षीचा धान आषाढात सरत येतो, नवा अगहनात येणार असतो. मधली आशा भदईची. या काळात एखादा हंगाम चुकला की दुर्भिक्ष समोर उभे राहते. वेरंजा येथे भगवंतांनी पाचशे भिक्खूंसह वर्षावास केला, तेव्हा असेच झाले होते. भिक्षा मिळेना. उत्तरापथाहून घोडे घेऊन आलेले व्यापारी पावसाळ्यासाठी तेथे तळ देऊन होते. ते घोड्यांसाठीचे भरड धान्य मापाने भिक्खूंना देत, आणि भिक्खू ते उखळात कांडून खात. धानावर पडणाऱ्या 'सेतट्ठिका' नावाच्या पांढऱ्या रोगाचा व उसावरील तांबड्या रोगाचा उल्लेखही पालीत येतो. उभे पीक रोगाने जाण्याची धास्ती श्रोत्यांच्या परिचयाची होती, त्यावाचून ती उपमा त्यांना पोहोचली नसती. वर्षावासातील दानाकडे या दृष्टीने पाहावे लागते. ते सुगीनंतरचे दान नव्हे. ज्या तीन महिन्यांत कणगीचा तळ दिसू लागतो, त्या महिन्यांत एका स्थानी बसलेल्या संघाला रोज अन्न देण्याचे उत्तरदायित्व गावाने घेतले होते.

आश्विन पौर्णिमेला पवारणा होते आणि चित्र पालटते. भदई घरात आलेली असते, धान निसवू लागतो, नद्यांना उतार पडतो, वाटा वाळतात. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना कठिन चीवरदानाचा. पावसाळ्याच्या चार महिन्यांपैकी तो अखेरचा. कठिनाचा लाभ घेतलेल्या संघाला चीवरांसंबंधीच्या सवलती फाल्गुन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे हिवाळा संपेपर्यंत, मिळू शकतात. गृहस्थांच्या घरी याच काळात अगहनी धान येतो आणि हाती काही शिल्लक राहते. चीवरासाठी अनुज्ञात असलेल्या सहा प्रकारच्या वस्त्रांत कापूस, जवसाच्या धाग्याचे क्षौम आणि ताग यांचा समावेश आहे, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. शेतातून अन्न येत होते तसे वस्त्रही येत होते.

हा नियम महाराष्ट्रात आला तेव्हा येथील पाऊस मगधाचा नव्हता. आपल्याकडे वर्षावासाचे तीन महिने सर्वत्र सारखे नसतात. कोकणात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भात ते भाताचे महिने आहेत. तळी आणि बांध्यांचा पूर्व विदर्भ तर मगधाशी पुष्कळसा जुळतो. पश्चिम विदर्भात व मराठवाड्याच्या बऱ्याच भागात ते कापूस, तूर, मूग, उडीद आणि अलीकडच्या काही दशकांत खरिपाच्या ज्वारीची जागा घेणाऱ्या सोयाबीनच्या निंदणी-डवरणीचे महिने आहेत. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यातील भारी काळ्या जमिनी मात्र या काळात पुष्कळदा मोकळ्याच असतात. त्यांना कुळवाच्या पाळ्या देत ओल साठवायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास रब्बी ज्वारी पेरायची. तेथे वर्षावास संपतो तेव्हा पेरणी होते.

येथील लेण्यांत वर्षावास आणि शेती यांचा संबंध दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात उषवदाताने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब बरोबर जुळतो. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. कार्ल्याच्या लेखात त्यानेच वलुरक लेण्यात वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याची नोंद आहे. परंतु मला सर्वांत बोलका वाटतो तो गौतमीपुत्र सातकर्णीचा नाशिक येथील लेख. कखडी गावातील एक शेत पूर्वी भिक्खूंना दिले होते. ते शेत कसले जात नाही आणि त्या गावी वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावीत, अशी आज्ञा त्यात आहे. राजाने शेत दिले, ताम्रपट-शिलालेख झाले, तरी कसणारे हात निघून गेले की त्या दानातून मूठभर धान्यही निघत नाही. ते हात का गेले, कोठे गेले, हे लेखात नाही. येथेही कर्ता गळला आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांचे शेतीचे वर्ष याच गळलेल्या कर्त्याचे होते. वतनदार महाराला गावकीच्या चोवीस तासांच्या सेवेबद्दल हाडकीहाडोळ्याचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते मिळे. बलुते मिळे ते मळणीनंतर. सेवा मात्र बाराही महिने. श्रावण-भाद्रपदात बलुते संपलेले असे. निंदणीची मजुरी हाच आधार, आणि तीही उघडीप असेल तर. सात-आठ दिवसांची झड लागली की काम बंद आणि चूलही बंद. माझी आजी झडीच्या दिवसांना नक्षत्राच्या नावाने ओळखत नसे. कोणाच्या घरून किती पायल्या जोंधळे उसने आणले, त्यावरून ओळखत असे. वतनाच्या या बांधणीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. त्यापूर्वी १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की, दोष केवळ तुकड्यांच्या आकारात नसून शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त, निरुद्योगी श्रमात आहे आणि त्यावर औद्योगीकरण हा उपाय आहे. पीकचक्र समजणाऱ्याला हे विवेचन लगेच पटते. वर्षातील काही आठवडे माणसे अपुरी पडतात आणि उरलेले महिने त्याच माणसांना काम नसते.

बाबासाहेबांनी बुद्धचरित्र लिहिताना तरुण सिद्धार्थाला शेतावर नेले आहे. मित्रांसमवेत वडिलांच्या शेतावर गेलेला सिद्धार्थ तळपत्या उन्हात, अपुऱ्या वस्त्रांत नांगरणारे, बांध घालणारे, झाडे तोडणारे मजूर पाहतो आणि एकाने राबावे व दुसऱ्याने त्या श्रमावर जगावे हे योग्य कसे, असे विचारतो. त्याच भागात वप्रमंगलाचे वर्णन आहे. पेरणीच्या त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरावा अशी रूढी होती, आणि सिद्धार्थ तो नेमाने धरीत असे. महानामाच्या तोंडी असलेले 'कसापेतब्बं' येथे 'कसितब्बं' झाले आहे.

हा भाग ग्रंथाच्या प्रारंभीच असल्याने विहारांतून तो वर्षावासाच्या पहिल्या काही दिवसांत वाचला जातो. पूर्व विदर्भातील एका खेड्यात मी तो ऐकला तेव्हा रोवणीचे दिवस होते. वाचन सायंकाळी सहाला ठेवलेले होते. प्रत्यक्षात ते साडेआठला सुरू झाले. रोवणीला गेलेल्या बाया परतायच्या होत्या. त्या आल्या, हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून बसल्या. पऱ्हे उपटून लावता लावता दिवसभर पाण्यात राहिलेली त्यांची बोटे पांढुरकी, सुरकुतलेली होती. मजुरांचा तो परिच्छेद वाचून झाल्यावर त्यांच्यापैकी एका वृद्ध उपासिकेने वाचणाऱ्या मुलाला थांबविले आणि म्हटले, "बाबू, ते शेतावरचं पुन्हा एकदा वाच." त्याने ते पुन्हा वाचले.